‘आत्मघाती ड्रोन’ म्हणावं का?

हवेत फिरत राहून लक्ष्य शोधणाऱ्या आणि मग त्यावर आदळून फुटणाऱ्या मानवरहित अस्त्राला, म्हणजे लॉइटरिंग म्युनिशनला, मराठी बातम्यांत सर्रास ‘आत्मघाती ड्रोन’ म्हणतात, ते बरोबर आहे का आणि दुसरा शब्द कोणता, असं एका वाचकाने विचारलं आहे.

माझ्या मते हा शब्द सोडून द्यावा. आत्मघात करायला आधी जीव लागतो. 1944 साली जपानचे कामिकाझे वैमानिक विमानासकट अमेरिकी जहाजांवर आदळले, तिथे आत माणूस होता. इथे आत कुणीच नाही. लक्ष्यावर आदळून फुटणं म्हणाल, तर ते तोफगोळाही करतो, पण त्याला आपण आत्मघाती म्हणत नाही.

या अस्त्राचं वेगळेपण फुटण्यात नाही, फुटण्याआधीच्या वेळात आहे. तोफगोळा एकदा सुटला की तो हातचा गेला. हे मात्र आधी सोडतात आणि लक्ष्य नंतर शोधतात. इस्रायलचं हार्पी रडारच्या लहरींचा माग घेत फिरतं आणि शत्रूचं रडार सुरू झालं की त्यावर कोसळतं. त्यानंतरच्या हारोपमध्ये कॅमेरा आला. चालवणाऱ्याला चित्र दिसतं आणि ऐन वेळी हल्ला रद्दही करता येतो. 2020 मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने ते वापरलं, तेव्हा जगाचं लक्ष या प्रकाराकडे गेलं.

आपल्या नागपूरचं उदाहरण तर ‘आत्मघाती’ शब्दाला सरळ खोटं पाडतं. सोलर समूहातल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज कंपनीचं नागास्त्र-1 साधारण 9 किलो वजनाचं आहे आणि त्यात 1 किलोचं स्फोटक असतं. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते माघारी बोलावता येतं. मग पॅराशूट उघडतं, ते अलगद खाली उतरतं आणि पुन्हा वापरता येतं. 2024 मध्ये त्याची पहिली खेप लष्कराला मिळाली. परत येणाऱ्याला आत्मघाती कसं म्हणायचं?

आता पर्यायाकडे वळू. कोशात ‘लॉइटर’ म्हणजे रेंगाळणे. पण रेंगाळण्यात आळस आहे. शाळेतून घरी येताना मुलं रेंगाळतात. घार मात्र घिरट्या घालते, आणि तेव्हा तिची नजर खाली खिळलेली असते. हेच क्रियापद इथे चपखल बसतं. ‘म्युनिशन’साठी दारूगोळा चालत नाही, कारण तो समूहवाचक आहे, ‘तीन दारूगोळे’ असं कुणी म्हणत नाही. अस्त्र हा शब्द मोजता येतो. शिवाय हातात धरून चालवतात ते शस्त्र आणि फेकतात ते अस्त्र, हा जुना भेदही पाळला जातो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘घिरट्या घालणारं अस्त्र’ आणि पुढे सुटसुटीत ‘घिरटी-अस्त्र’ असं लिहावं. देशी शब्दाला संस्कृत शब्द जोडल्याबद्दल कुणी नाक मुरडेल, पण ‘तोफगोळा’ तरी कुठे एका कुळातला आहे?

अग्निपुराणातल्या धनुर्वेदात आयुधांचे प्रकार सांगितले आहेत. यंत्रातून सुटणारं ते यंत्रमुक्त, हाताने फेकलेलं ते पाणिमुक्त, आणि फेकून पुन्हा आवरून घेता येतं ते मुक्तसंधारित. नागास्त्रासारख्या अस्त्राला हा तिसरा शब्द किती नेमका लागू पडतो! रोजच्या बातमीत तो जड होईल हे मान्य, पण लष्करी परिभाषेच्या कोशात त्याला जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एक पथ्य मात्र पाळावं. युक्रेनवर रशिया सोडतो ती मूळ इराणी रचनेची शाहेद-136 ड्रोनं सहसा आधी भरून दिलेल्या ठिकाणाकडे जाऊन आदळतात. ती घिरट्या घालत लक्ष्य शोधत नाहीत. ‘आत्मघाती’ म्हटलं की हारोप आणि शाहेद एकाच माळेत ओवले जातात. शाहेदला नुसतं ‘हल्लेखोर ड्रोन’ म्हणावं आणि घिरटी-अस्त्र हा शब्द खरोखर घिरट्या घालणाऱ्यासाठीच राखून ठेवावा.