सॉसची चव पॅनच्या तळाशी असते

अर्ध्या तासात होणारं चिकन आणि त्याच पॅनमधला क्रीमचा सॉस, ही कृती मागे या सदरात दिली होती. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अर्धा किलो बोनलेस ब्रेस्ट आडवं चिरून पातळ काप करायचे, मीठ-मिरपूड लावून चमचाभर शेंगदाणा तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे आणि ताटलीत काढायचे. त्याच पॅनमध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा आणि पाच-सहा लसूण पाकळ्या परतायच्या, अर्धी वाटी पाणी घालून तळ खरवडायचा. पाणी निम्मं आटलं की गॅस बारीक करून अर्धी वाटी क्रीम घालायचं, मिनिटभर चिकन त्यात सोडायचं आणि खाली उतरवून लिंबू पिळायचं. ही कृती करून बघणाऱ्यांची पत्रं आली. त्यातले हे प्रश्न.

प्रश्न (धुळे): तळ खरवडा म्हणता, पण माझ्या पॅनला तळाशी काही लागतच नाही. सॉस पांढराफटक होतो, दुधात चिकन बुडवल्यासारखा लागतो.

उत्तर: ताई, पॅन नॉनस्टिक असणार. न चिकटणं हाच त्याचा गुण आणि इथे तोच आडवा येतो. या सॉसची चव क्रीममध्ये नसते. क्रीम ती चव नुसती धरून ठेवतं. चव असते चिकन भाजताना तळाला चिकटलेल्या तपकिरी थरात. हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी कांदा-खोबरं भाजताना आपण ते लालसर रंगावर सोडून देतो का? चांगलं काळपट होईपर्यंत थांबतो, कारण रश्श्याचा जीव तिथे असतो. इथेही तेच आहे, फक्त भाजायचं ते चिकन.

मांस साधारण १४० अंशांच्या पुढे गेलं की त्यातली प्रथिनं आणि साखर मिळून तो तपकिरी रंग आणि वास तयार होतो. पाणी १०० अंशांवर उकळतं. म्हणून वरचा ओलावा उडाल्याशिवाय रंग येत नाही. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं किंवा लोखंडी तवा घ्या. चिकन टाकल्यावर चार मिनिटं हात लावू नका. आधी ते चिकटतं, मग खालून भाजलं गेलं की आपणच सुटतं. ओढून काढलंत तर अर्धा थर फाटून जातो. तळाचा रंग गुळासारखा हवा. पार काळा झाला असेल तर तो पुसून टाका, कडवटपणा क्रीमनेही जात नाही. लोखंडी तवा असेल तर लिंबू तव्यात न पिळता वाढताना पिळा, नाहीतर सॉस काळपट पडतो आणि लोखंडाची चव येते.

प्रश्न (जळगाव): विकतच्या क्रीमऐवजी घरच्या म्हशीच्या दुधाची साय घातली. दोन्ही वेळा सॉस फाटला, खाली चोथा आणि वर तूप. पाकीट आणायलाच हवं का?

उत्तर: मुळीच नाही. म्हशीच्या दुधाच्या सायीइतकी चव पाकिटाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण साय कधीची होती? आपल्याकडे लोण्यासाठी आठ-आठ दिवस डब्यात साय साठवतात. आपल्याला ती गोड लागते, पण तिला आंबटपणा लागायला सुरुवात झालेली असते. दुधातलं प्रथिन आंबट आणि गरम अशा दोन्हींच्या तावडीत सापडलं की गोळा होतं. पनीर आपण असंच करतो. साय त्याच दिवशीची, फार तर आदल्या दिवशीची घ्या. दोन चमचे दूध घालून ती मिक्सरमध्ये एकदाच फिरवा. जास्त फिरवली तर लोणी निघेल.

मग क्रम पाळा. पाणी आटताना पॅनचा आवाज ऐका. आधी चर्रर्र, मग बारीक बुडबुड्यांची घाई, मग मोठे, संथ, चकचकीत बुडबुडे. तिथे गॅस अगदी बारीक करा, वाटीतल्या सायीत त्या पॅनमधलंच दोन चमचे गरम पाणी ढवळून घ्या आणि मग ती सोडा. नंतर उकळी येऊ द्यायची नाही, कडेला जरा थरथरलं की पुरे. परदेशी कृतींत क्रीम खळखळा आटवतात, कारण त्यांच्या घट्ट क्रीममध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. आपल्याकडच्या फ्रेश क्रीमच्या पाकिटात साधारण २५ टक्के असतो. स्निग्धांश जितका कमी, तितकं फाटायला सोपं. तरीही धाकधूक वाटत असेल तर कांदा परततानाच अर्धा चमचा कणीक भुरभुरा आणि तिचा कच्चा वास जाईपर्यंत भाजा. पीठ प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. आपण कढीत बेसन घालतो ते त्याचसाठी.

फाटलाच तर सॉस लगेच उतरवा, चिकन बाजूला काढा, दोन चमचे थंड दूध घालून जोरात घुसळा किंवा मिक्सरमधून काढा. पहिल्यासारखा रेशमी होणार नाही, पण पानात वाढता येईल.

प्रश्न (भुसावळ): ड्युटीवरून आलो की स्वयंपाक मीच करतो. चिकन पॅनमध्ये टाकलं की पाणी सुटतं, मग ते त्याच पाण्यात शिजून रबरासारखं होतं.

उत्तर: दादा, तीन गोष्टी बघा. चिकन स्वच्छ कापडाने दाबून अगदी कोरडं करा. पॅनमध्ये एका वेळी दोन-तीनच काप टाका. गर्दी केली की वाफ कोंडते आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. तिसरी गोष्ट मिठाची. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तर तेवढ्या वेळात ते नेमकं पाणी बाहेर काढतं. पाऊण तास थांबलात तर तेच पाणी मिठासकट परत आत मुरतं. म्हणून एकतर भाजायच्या क्षणी मीठ लावा, नाहीतर ड्युटीवर जाण्यापूर्वी लावून फ्रिजमध्ये ठेवून जा. मी स्वतः दुसरा मार्ग धरते. घरी येऊन गॅस पेटवायचा एवढंच काम उरतं.

काप जेमतेम बोटभर जाडीचे हवेत. चिकनवाल्याला सांगितलं तर तो आडवं चिरून देतो. पहिली बाजू चार मिनिटं, दुसरी तीन, मग ताटलीत पाच मिनिटं विसावा. ताटलीत जो रस सुटेल तो फेकायचा नाही, सॉसमध्येच घालायचा. फ्रीझरमधलं चिकन मात्र आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. आपल्या उन्हाळ्यात ते ओट्यावर सोडून जाऊ नका.

प्रश्न (नवापूर): भाजलेलं चिकन आतून किंचित गुलाबी दिसलं. आमच्या गावाने बर्ड फ्लू पाहिला आहे, घरात सगळे घाबरतात. किती शिजवलं म्हणजे निर्धास्त खावं?

उत्तर: तुमची भीती मी हलक्यात घेणार नाही. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरातच सापडली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, घरंच्या घरं बसली. ज्याने ते पाहिलं त्याला गुलाबी रंग दिसला की धस्स होणारच.

पण मांस सगळीकडून ७० अंशांपर्यंत तापलं की तो विषाणू टिकत नाही. इतर जंतूंचाही हिशोब धरून चिकनसाठी ७४ अंश ही खूण मानतात. स्वयंपाकाचा सुईचा थर्मामीटर मिळतो, तो सर्वांत जाड भागात खुपसून बघा. तो नसेल तर जाड काप मधोमध चिरा. रस स्वच्छ, मांस पांढरं आणि धागे सुटे दिसायला हवेत. नुसत्या रंगावर जाऊ नका, कधी कधी पूर्ण शिजलेलं चिकनही गुलाबी दिसतं आणि कच्चं राहिलेलं पांढरं. शंका आली तर सॉसमध्ये झाकण ठेवून आणखी दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा, सॉसमुळे ते कोरडं पडत नाही. आणखी एक काळजी घ्या. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात. न धुता कापडाने टिपा आणि ते कापड लगेच गरम पाण्यात टाका.

प्रश्न (चोपडा): गावरान कोंबडीचं असं करता येईल का?

उत्तर: नाही. तिचं मांस चिवट, तिला तासभर रटरटू द्यावं लागतं. तिचा रस्साच करा.

प्रश्न (शहादा): सासूबाई म्हणतात, हे आजाऱ्याचं जेवण. काळा मसाला घातला तर चालेल का? आणि भाकरीशी जमेल का?

उत्तर: सासूबाईंच्या जिभेचा मान राखा, नंदुरबारची मिरची खाणाऱ्या घरात त्यांना हे फिकं लागणारच. काळा मसाला चालेल, पण क्रीमवर भुरभुरू नका, तो कच्चा आणि खरखरीत लागतो. कांदा-लसूण परतून झाला की चमचाभर तूप सोडा, त्यात अर्धा चमचा काळा मसाला अर्धा मिनिट फुलू द्या आणि लगेच पाणी घाला. मसाल्याचा वास आणि रंग तुपात उतरतो, मग क्रीममधून सगळीकडे पसरतो. अर्ध्या किलोला अर्धाच चमचा, त्यापुढे गेलात की क्रीम दबतं. शेवटी वरून लाल तिखटाची थोडी तर्री सोडलीत तर सासूबाई पान पुढे करतील.

भाकरी ज्वारीची करा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, मला ठेचा आणि भरताशीच आवडते, इथे तिचा स्वतःचा स्वाद आड येतो. भाकरीशी खायचं तर सॉस दाट नको. क्रीम घालण्याआधी पाव वाटी पाणी जास्त ठेवा, म्हणजे भाकरीचा तुकडा त्यात नीट बुडतो. उरलं तर चाळिशीपार गेलेल्या आपल्या उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन चमचे दूध घालून, सतत ढवळत, मंद आचेवर चांगली वाफ येईपर्यंत गरम करा.