दीर्घिकांना ‘पूर्वग्रह’ असतो का?

एका अनुवादात ‘गॅलॅक्सी बायस’साठी ‘दीर्घिकांचा पूर्वग्रह’ असे छापले आहे, ते चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालू नये. पूर्वग्रहाला मन लागते आणि तो बघणाऱ्याचा दोष असतो. इथे दोष कुणाचाच नाही. विश्वातले बहुतेक द्रव्य कृष्णद्रव्य आहे, ते दिसत नाही. दिसतात त्या दीर्घिका, आणि त्या द्रव्याच्या सरळ प्रमाणात पसरलेल्या नसतात. द्रव्य सरासरीहून 10 टक्के दाट आहे तिथे दीर्घिका 20 टक्के जास्त भरल्या, तर बायस 2. म्हणजे ते चक्क एक गुणोत्तर आहे.

असे का होते, ते खगोलशास्त्रज्ञ निक कायझर यांनी 1984 मध्ये दीर्घिकांच्या गुच्छांवरून दाखवले. मला ते सह्याद्रीवरून पटकन कळते : जमिनीची उंची म्हणजे द्रव्याची दाटी आणि मोजलेली शिखरे म्हणजे दीर्घिका. 1000 मीटरच्या वर गेलेली शिखरेच मोजायची ठरवली, तर 100 मीटरची टेकडी कोकणात मोजणीत येत नाही. तीच 950 मीटरच्या घाटमाथ्यावर असली की येते. त्यामुळे मोजलेली शिखरे उंच मुलखातच दाटीने दिसतात, जमिनीच्या चढउतारापेक्षा कितीतरी दाट.

दाट जागेला मिळालेले हे झुकते माप! म्हणून मी ‘झुकाव’ सुचवतो. ‘कल’ही गोड शब्द, पण संख्याशास्त्रात तो ‘ट्रेंड’साठी रुळला आहे. ‘अभिनती’ अर्थाने अचूक, तरी दरवेळी फोड करून सांगावी लागेल. मूळ फ्रेंच ‘बिए’ म्हणजे तिरकेपणाच. इंग्रजीत पुढे तो लॉन बोल्सच्या खेळात एका बाजूला कललेल्या, वळत जाणाऱ्या चेंडूसाठी आला. ‘झुकाव’ त्या मुळाशीही जुळतो.

शिवाय हा झुकाव काळाबरोबर ओसरतो. सुरुवातीच्या दीर्घिका अगदी विरळा, उंच शिखरांवरच्या, म्हणून झुकाव मोठा. पुढे गुरुत्वाकर्षण दीर्घिका आणि द्रव्य दोघांनाही एकाच दिशेने ओढते. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्राय यांनी 1996 मध्ये मांडलेला हिशेब असा : दीर्घिका नव्या जन्मल्या नाहीत की एकमेकींत विलीन झाल्या नाहीत, तर द्रव्याची असमानता दुप्पट होईपर्यंत 4 चा झुकाव 2.5 वर येतो. 1 च्या वरचा भागच निम्मा होतो.

अनुवादकांनी इथे जपावे : ‘झुकाव उरला नाही’ म्हणजे आकडा 1 झाला, शून्य नव्हे. शून्य झुकाव म्हणजे द्रव्य कसेही पसरो, दीर्घिका सगळीकडे सारख्याच.