किनाऱ्यावरचा पहिला मुक्काम

पहिल्यांदाच जाताय, तर तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी खूप दूर जातं. किनाऱ्यावर भटकायला मला तेच दिवस सगळ्यांत आवडतात, पण खडकांवर गेलात तर पाणी वळायच्या आत परत फिरा.

घरगुती मुक्कामात न्याहारीची वेळ ठरलेली असते. सकाळी ओहोटी गाठायची असेल, तर न्याहारी उशिरा चालेल का, हे यजमानांना आदल्या रात्रीच विचारा. खोलीतून समुद्र खरंच दिसतो का, ते पैसे भरण्याआधी. आणि पोहायचं कुठे, हेही त्यांनाच विचारा.