आरव म्हणजे शांत की कोंबडा?

घोडबंदर रोडच्या एका काकूंनी विचारलंय की नातवाचं बारसं तोंडावर आलंय, सुनेला आरव हे नाव आवडलंय, तिने मोबाईलवर शोधलं तर अर्थ 'शांत' असा निघाला, पण काका अडून बसलेत की आरवतो तो कोंबडा, माझ्या नातवाला कोंबडा करू नका. तर बरोबर कोण?

काकू, अर्थापुरते काका जिंकले. संस्कृतात रु म्हणजे आवाज करणे, ओरडणे, त्यावरून रव, आणि रवच्या आधी आ लावला की आरव. आपण शाळेत पाठ केलेलं आठवा, हंसाचा कलरव, मोराचा केकारव, कोंबड्याचं आरवणं, हे सगळं एकाच घरातलं. (रवंथ मात्र ह्यात घेऊ नका, तो रोमंथवरून आलाय, गाईम्हशींचा प्रांत वेगळा.) रामायणाच्या उत्तरकांडात तर रावणाचं नावही असंच पडलंय, कैलासाखाली हात चिरडला तेव्हा तो असा ओरडला की तिन्ही लोक हादरले, म्हणून रावण. पण हे प्लीज काकांना आत्ताच सांगू नका.

मग 'शांत' कुठून आलं? माझा आपला अंदाज आहे की कुणीतरी नीरवशी गल्लत केली असणार. 'नीरव शांतता' आपण म्हणतो ना, त्यात निः म्हणजे नाही आणि रव म्हणजे आवाज, आवाज नाही म्हणून शांत. म्हणजे सुनेला तोच अर्थ हवा असेल तर नाव नीरव ठेवावं लागेल, आरव त्याच्या बरोब्बर उलटा. पण नावांच्या साईटी एकमेकींचं बघून लिहितात, एकीने चूक केली की सगळीकडे तीच, आणि ऐकायलाही आरव कसं मऊ वाटतं, जोडाक्षर नाही, ट ठ ड काही नाही, त्यामुळे शांत हा अर्थ कुणाला खटकतही नाही.

आता काकांची दुसरी हरकत, की कोंबड्याचं नाव. इथे मी सुनेच्या बाजूने. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, आवाजाला प्रतिशब्द दिलेत त्या यादीत आरव आहे आणि त्याच यादीत निनादही आहे. निनाद म्हणजेही आवाजच की! आमच्या लहानपणी नौपाड्यात निनाद पैशाला पासरी होते, कुणाच्या आजोबांनी 'गोंगाट नाव कशाला ठेवता' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. गंमत अशी की व्याकरणातही दोघांची सेम अडचण आहे, 'आरवला दूध दे' मधला आरवला आणि 'कोंबडा आरवला' मधला आरवला, लिहायला-बोलायला एकच, पण 'निनादला हाक मार' आणि 'आवाज निनादला' ह्यातही तेच होतं आणि आपल्याला कधी हसू आलं नाही, कारण निनादणं देवळातल्या घंटेचं आणि आरवणं खुराड्यातलं. मराठीत तो शब्द कोंबड्याला चिकटला ह्यात आरवचा काय दोष? खरं तर आरव हे नाव मराठी कानालाच गमतीदार वाटतं, हिंदीत कोंबडा बांग देतो, तिकडे हा प्रश्नच येत नाही. आणि नाव पसरलंही तिकडूनच, अक्षय कुमार-ट्विंकल खन्नाने २००२ मध्ये मुलाचं नाव आरव ठेवलं, त्याआधी मी तरी ते कुणाचं ऐकलं नव्हतं. आमच्या वर्गात अमोल, सचिन, राहुल, स्वप्नील, मग धाकट्या भावंडांत ओंकार आणि अथर्व आले, आणि आता आमच्या घणसोलीच्या सोसायटीत लहान आरव, मोठा आरव आणि बी-विंगचा आरव आहेत. स्पेलिंग डबल ए ने करतात, म्हणजे शाळेत रोल नंबर एक, तोंडी परीक्षेला पहिला बळी हाच, एवढा एक तोटा मला दिसतो.

आणि नावाला गोड अर्थच पाहिजे असं आपल्याकडे कधी होतं? मुलं जगत नसत त्या घरांत मुद्दाम धोंडू, दगडू, केरू ठेवायचे, दृष्ट लागू नये, यमाने वळूनही बघू नये म्हणून. त्यापुढे कोंबडा बराच सभ्य.

इथे गावठाणातले कोंबडे पहाटे चारलाच सुरू होतात, टॉवरच्या बाराव्या मजल्यावर ऐकू येतात, आणि बी-विंगचा आरव त्यांच्याही आधी उठून भोकाड पसरतो, तेव्हा नावाचा अर्थ अख्ख्या विंगला कळतो. तर काकू, नाव बिनधास्त ठेवा, आत्याला कानात कुर्र करू दे, फक्त पत्रिकेवर अर्थ छापणार असाल तर 'शांत' छापू नका, 'नाद' छापा. काकांना तेवढं चालेल बहुतेक.