या मुलाला कोण शोधतंय?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात राग दिसला, दुसऱ्यात त्यामागची तळमळ. "मुलं ताडपत्रीखाली झोपतायत, परदेशात लोक त्यांना पोटाशी धरायला तयार आहेत, आणि तुम्ही कागद मागत बसता," असं तू लिहिलंस. आपत्तीनंतर मुलं परदेशात दत्तक देण्याआधी त्यांच्या माणसांचा शोध घ्यायच्या या कामात आले तेव्हा मीही असंच म्हणाले असते. माझं मत कशामुळे बदललं ते तुला सांगते.

कॅरिबियन बेटांवरच्या हैती देशाचं 2010 साल आठव. 12 जानेवारीला 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून जेमतेम 25 किलोमीटरवर. 29 जानेवारीला, म्हणजे तीन आठवडेही उलटले नव्हते तेव्हा, 10 अमेरिकन नागरिक 33 मुलांना बसमध्ये घेऊन शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिक देशाच्या सीमेवर पोचले. मुलांना देशाबाहेर नेण्याची परवानगी नव्हती, म्हणून त्यांना तिथेच अडवलं. पुढे चौकशीत निघालं, की अनाथ म्हणून नेलेल्या या मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते, काहींचे तर दोघंही. कालेबास नावाच्या डोंगरातल्या गावात आईबापांनी आपल्या हातांनी मुलं स्वाधीन केली होती. शाळा मिळेल, खेळायला मैदान मिळेल, तुम्हाला भेटायला येता येईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

त्या आईबापांना कठोर म्हणू नकोस. घर पडलंय, चूल नाही, आणि कुणीतरी येऊन मुलाच्या शाळेची हमी देतंय. अशा घडीला "हो" म्हणणाऱ्या आईची ती संमती धरायची का? 1993 चा हेग करार आंतरदेशीय दत्तकाबद्दल नेमकं हेच विचारतो. संमती देणाऱ्याला परिणाम समजावून सांगितले होते का, ती दबावाशिवाय दिली का, तिच्या बदल्यात पैसे किंवा काही मोबदला दिला गेला का. हैतीत तर गुंता आणखी होता. 2013 मध्ये कायदा बदलेपर्यंत तिथल्या दत्तकविधानात जन्मदात्यांशी असलेलं नातं पुरतं तुटत नसे. मूल शिकायला गेलं तरी आपलंच राहील असं तिथल्या आईला वाटलं, तर त्यात तिचा भाबडेपणा नव्हता, तिच्या देशाचा कायदाच तसा होता. घेऊन जाणाऱ्या देशात मात्र ते नातं कायमचं पुसलं जाणार होतं. एकाच कागदाचे दोन टोकांना दोन अर्थ.

"अनाथ" हा शब्दही जपून वापर. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेलं असेल तरी मूल अनाथांत धरलं जातं. बातमीत तो आकडा येतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर जगात कुणीच नसलेलं लेकरू उभं राहतं. हैतीतल्या अनाथाश्रमांतल्या दर 10 मुलांपैकी सुमारे 8 मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचा अंदाज आहे. ती तिथे पोचली ती बहुतेक गरिबीमुळे. त्यांच्या घराला मदत पोचली असती, तर दत्तकाचा प्रश्नच उभा राहिला नसता.

आता तुझ्या कामाचं. छावणीत जाशील तेव्हा पहिल्या दिवसापासून तुझ्या हातात नोंदणीचा फॉर्म असेल. त्यातल्या आईच्या नावाच्या रकान्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच प्रशिक्षणाने शिकवलं नाही. चार वर्षांच्या मुलाला आईचं नाव विचार, ते "आई" असंच सांगेल. हैतीत ते "मांमां" म्हणेल. तिथे थांबलीस तर रकान्यात "अज्ञात" असं पडेल, आणि एकदा पडलं की मुलाच्या फायलीतून ते कधीच निघत नाही. म्हणून थांबू नकोस. शेजारच्या बायका आईला काय म्हणून हाक मारायच्या? पाणी कुठून आणायचे? प्रार्थनेला कुठे जायचे? दाराशी कोंबडी होती की बकरी? बाजाराला जाताना जी टॅप-टॅप पकडायचे, म्हणजे तिकडची रंगवलेली प्रवासी गाडी, तिच्यावर चित्र कसलं होतं? आज मुलाला हे सगळं आठवतं. तीन महिन्यांनी निम्मं पुसलेलं असेल.

आणि कपडे. मूल ज्या कपड्यांत आलं, त्याच कपड्यांत आधी फोटो काढ, मगच आंघोळ आणि नवा फ्रॉक. जुना फ्रॉक टाकून देऊ नकोस, पिशवीत घालून नोंदणी क्रमांक लाव. मुलाचा चेहरा सुजलेला असू शकतो, केस कापलेले असू शकतात. हेम आपल्या हाताने घातलेली आई तो फ्रॉक मात्र लगेच ओळखते.

शोधाला वेळ लागतो हे खरं. निर्वासित मुलांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था दत्तकाचा विचार करण्याआधी साधारण 2 वर्षं शोध घ्यायला सांगते. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातल्या 16 वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांशिवाय बाहेर न्यायला बंदी घातली. बाहेरून बघताना असं थांबणं निष्ठुर वाटतं. पण आई रुग्णालयात बेशुद्ध असते, बाप दुसऱ्या छावणीत यादी चाळत असतो, आजी चालत निघालेली असते. तेवढ्यात मूल विमानात बसलं, तर ती माणसं कुठे जाणार? तात्पुरतं सांभाळायला मावशी, काका, शेजारीण, कुणीतरी बहुधा सापडतंच. त्या घराला धान्य आणि पैसे पोचव. मला विचारशील तर सगळ्यात आधी हेच कर.

दत्तकालाच माझा विरोध आहे असं समजू नकोस. हैतीत ज्यांचं दत्तकविधान भूकंपाआधीच अर्ध्यावर आलं होतं, ती मुलं अडकून पडू नयेत म्हणून अमेरिकेने खास परवानगीने हजाराहून जास्त मुलांना प्रवेश दिला. पालक आधीच ठरलेले होते त्यांच्या बाबतीत घाई समजण्यासारखी होती. आणि कसून शोधूनही ज्यांचं देशात कुणीच सापडत नाही, अशी मुलं असतातच. त्यांना घर मिळायलाच हवं, परदेशात मिळालं तरी. हैतीत हेग करार 1 एप्रिल 2014 पासून लागू झाला आणि खासगी देवाणघेवाण बंद होऊन मुलाची आणि पालकांची जोडणी सरकारी यंत्रणेकडे आली. उशीर झाला, पण ते व्हायलाच हवं होतं.

तू कधीतरी भेटलीस की सांगेन म्हणत होते, ते आता लिहूनच टाकते. एकदा दत्तक गेलेली एक मुलगी, वय तिशीचं, आमच्याकडे आपली फाइल बघायला आली. तीन कागद होते. आई, अज्ञात. वडील, अज्ञात. गाव, अज्ञात. तिने आधीच्या आणि नंतरच्या फायली मागितल्या, त्या तिला दाखवता येत नव्हत्या. मी मात्र नंतर एकटीने उघडून पाहिल्या. एकाच दिवसाच्या अकरा फायली, एकच शाई, एकच अक्षर, आणि सगळीकडे तोच शब्द. कुणी विचारलंच नव्हतं. ती मुलगी जाताना म्हणाली, "मला चांगले आईवडील मिळाले, माझी तक्रार नाही. फक्त मला कुणी शोधत होतं का, एवढं कळायला हवं होतं."

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जायच्या आधी एक दिवस काढून ये. फॉर्म समोर ठेवून बसू. तू मूल हो, मी विचारते. मग मी मूल होईन आणि तू विचार.

तुझ्या,
बाई