वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारची ॲक्शन आणि फ्रेटवरची खरखर

प्रश्न : मी गेल्या वर्षी स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. तारा फ्रेटबोर्डापासून फार उंच वाटत होत्या, म्हणून मी ट्रस रॉड (गिटारच्या मानेतली, म्हणजे नेकमधली सळई) अर्धा फेरा आवळला. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, थोडी खाली आली. परंतु आता पहिल्या तीन-चार फ्रेटवर (फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) जाड तारा खरखरतात आणि पंधराव्या फ्रेटवर बारीक तार बेंड केली (बाजूला ओढली) की स्वर मध्येच विझतो. ॲक्शन कमी ठेवून हा त्रास घालवता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : घालवता येईल, मात्र त्यासाठी आपण आवळलेला ट्रस रॉड आधी सैल करावा लागेल. ट्रस रॉड हा ॲक्शन कमी-जास्त करण्याचा स्क्रू नव्हे. तारांचा ताण नेकला सतत पुढे वाकवत असतो आणि त्या ताणाला तोलून धरणे हे या सळईचे काम आहे. छेडलेली तार मध्यभागी सर्वांत जास्त हलते. तिला तेवढी मोकळीक मिळावी म्हणून नेकला अगदी किंचित बाक ठेवतात, त्यालाच रिलीफ म्हणतात. आपल्या गिटारमधला तो बाक नाहीसा झाला असावा, कदाचित नेक उलट्या बाजूलाही वाकली असेल, कारण खरखर फक्त पहिल्या काही फ्रेटवर येणे ही बहुधा त्याचीच खूण असते.

बाक डोळ्यांनी ठरवू नये, मोजावा. दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट लावताना वापरतात ते फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच, पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळते. या कामासाठी त्याहून चांगले साधन नाही. तारा नेहमीच्या सुरात लावाव्यात, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटचा माथा व तार यांच्यामधून ०.२५ मिलिमीटरची पाती सरकवून पाहावी. ती तारेला न उचलता, जेमतेम स्पर्श करत गेली पाहिजे. जात नसेल तर रॉड एका वेळी पाव फेराच सैल करावा, तारा पुन्हा सुरात आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. ट्रस रॉडचा नट फिरत नसेल तर जोर न लावता गिटार कारागिराकडे न्यावी.

ॲक्शनला हात त्यानंतरच लावावा, तोही ब्रिजवरच्या सॅडलपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर प्रत्येक तार ज्या आधारावर टेकते तिथे. फ्रेटबोर्डाची गोलाई ९.५ ते १२ इंच त्रिज्येची असेल, तर सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटर उंची हे स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीचेच माप आहे. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंची गोलाईला जाड तारांच्या बाजूने २ मिलिमीटर लागतात. आपला विझणारा स्वर बहुधा याच गोलाईमुळे विझतो : बेंड केलेली बारीक तार फ्रेटबोर्डाच्या मधल्या उंचवट्याकडे सरकते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. अशा वेळी सर्वांत बारीक दोन तारांची सॅडल थोडी उचलावी लागते. प्रत्येक सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवावेत, म्हणजे ते तिरके होणार नाही.

एवढे करूनही एकाच ठिकाणी खरखर उरली, तर त्यापुढचा फ्रेट उंच असतो. पोलादी पट्टीचा लहान तुकडा तीन फ्रेटवर आडवा ठेवला की तो मधल्या उंच फ्रेटवर डुलतो. मोकळी तारच तेवढी खरखरत असेल, तर फ्रेटबोर्डाच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांत बसतात त्या पट्टीची, म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या नटची, खाच खोल गेली आहे. ही दोन्ही कामे कारागिराची आहेत, कारण कानस मारून गेलेला भाग परत येत नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून घासून तार तिला जेमतेम लागेल अशी करतो, तेव्हा कुठे जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा नाद, बोलते. गिटारमध्ये तारेचा तसाच स्पर्श फ्रेटला झाला की स्वर मरतो, म्हणून येथेही तितक्याच सावकाश ऐकत काम करावे लागते. शेवटचा निर्णय ॲम्प्लिफायर लावून घ्यावा. त्यातून ऐकू न येणारी आणि स्वर पूर्ण टिकू देणारी बारीक खरखर कमी ॲक्शनच्या गिटारवर मी स्वतः राहू देतो.

प्रश्न : मे महिन्यात नीट लावलेली गिटार जुलैत पुन्हा खरखरू लागली. सॅडल उचलावीत का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : लगेच नको. पुण्यातील कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्याची दमट हवा आली की नेकचे लाकूड हलते. माझ्या गिटारवर गेल्या पावसाळ्यात मी घाईने सॅडल उचलली आणि ऑक्टोबरात कोरडी हवा परतल्यावर तारा नको तितक्या उंच झाल्या. बदलला होता तो फक्त रिलीफ. म्हणून आधी वर सांगितल्याप्रमाणे मोजावे, बहुतेक वेळा ट्रस रॉडचा अष्टमांश फेरा पुरतो. ओल आलेल्या भिंतीला गिटार टांगू नये, पावसाळाभर ती केसमध्येच ठेवावी.