माझीच कंबर गेली तर यांचं कोण करणार?

माझ्याकडे आलेल्या त्या बाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या. "बसले की उठवत नाही." नवऱ्याला पक्षाघात होऊन आठ महिने झालेले, डावी बाजू लुळी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) घरी रुग्णाचं करणारी माणसं हमखास विचारतात तेच त्यांनीही विचारलं, "माझीच कंबर गेली तर यांचं कोण करणार? पट्टा लावला तर भागेल का?"

नाही भागत. पट्ट्याने इजा टळते असा भरवशाचा पुरावा नाही. उलट पट्टा आहे म्हणून जास्तच जोर लावणारे मी पाहिलेत.

"यांना वर कसं सरकवता, दाखवा," म्हणत मीच कॉटवर आडवी झाले. त्यांनी गुडघे ताठ ठेवून, कंबरेत वाकून माझ्या काखेत हात घातले. दम धरून हिसका देणार, तोच माझा खांदा ओढला गेला आणि मी ओरडले. लुळ्या बाजूचा खांदा तर असा ओढूच नये, तो निखळू शकतो.

अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी रुग्ण हाताने उचलायची मर्यादा सुचवली आहे सुमारे १६ किलो, तीही परिस्थिती सोयीची असेल तर. हे गृहस्थ सत्तर किलोच्या पुढचे. म्हणजे कंबर कमजोर नव्हती, काम एकटीचं नव्हतं.

पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टना बोलावलं. त्यांनी शिकवलं ते उचलणं नव्हतंच, सरकवणं होतं. आधी कॉटची चाकं लॉक, उंची कंबरेपर्यंत, डोक्याकडची बाजू सपाट. अंगाखाली स्लाइड शीट, म्हणजे सरकवण्यासाठीची निसरडी चादर, दोन्ही बाजूंना एकेक माणूस. पायांत अंतर, गुडघे किंचित वाकलेले. जोर हातांचा नाही, एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेण्याचा. कंबरेतून पिळायचं नाही, पावलं वळवायची.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. "त्यांचा उजवा पाय चांगला आहे ना? मग तो रोवायला सांगता का?"

त्या गप्प. मग म्हणाल्या, "आजारी माणसाला काय काम सांगायचं?"

खरी गाठ इथे होती. मुलालाही त्या हाक मारत नव्हत्या, 'तो दमून येतो' म्हणून. सेवा म्हणजे सगळं एकटीने ओढणं, हे डोक्यातून काढायला आमच्या चार बैठका गेल्या. स्लाइड शीट शिकायला अर्धा तास पुरला होता.

दुखणं लगेच थांबलं नाही, व्यायाम चालू आहेत. पायाला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर थेट डॉक्टर गाठायचे, हे त्यांना बजावून ठेवलंय.

आता रात्रीची कूस मुलगा बदलतो. वर सरकताना आकडे नवरा मोजतो आणि 'तीन'ला पाय रोवतो. परवा बाईंची तक्रार होती, "'तीन' म्हणायला मुद्दाम वेळ लावतात हो!"